बॉनेटमधलं लिंबू
गॅरेजात पेट्रोलचा वास आला की मला हुमनाबादजवळची ती दुपार आठवते आणि एका जागी बसवत नाही. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, कलबुर्गीला चारच्या आत पोचायचं होतं, आणि गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरला बंद पडत होती. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनचा आवाज आपोआप चढायचा, उतरायचा आणि गपकन थांबायचा. आठवड्यापूर्वी सर्व्हिसिंग केलेल्या मेकॅनिकला मी शिव्या घालत होतो. मागच्या सीटवर आई पदर बोटाला गुंडाळत बसली होती. शेवटी रस्त्याकडेच्या एका मिस्त्रीनं चालू इंजिनच्या एकेका पाइपवर सिरिंजनं पेट्रोलचे थेंब सोडले. एका बारीक पाइपवर थेंब पडताच आवाज बदलला. "हितून हवा खेचायलाय साहेब," म्हणत त्यानं तिथून काळ्या दोऱ्यात बांधलेलं सुकं लिंबू काढलं. दोऱ्यानं आवळून पाइप चिरला होता. दर अमावास्येला आई बंपरला बांधायची ते लिंबू मी तोडून फेकायचो. म्हणून या खेपेला तिनं ते आत, धड दिसत नसताना, चाचपत बांधलं होतं. मी लिंबू गुपचूप खिशात टाकलं. नवा पाइप बसला, इंजिन शांत झालं. "कामून बंद पडायलती रे?" आईनं विचारलं. "पाइप जुना झालता," मी म्हणालो. ऑपरेशननंतर तिला स्वच्छ दिसू लागलं. पण आजपर्यंत एकाही अमावास्येला तिनं पुन्हा गाडीला लिंबू बांधलेलं नाही, आणि मी तर तिला काहीच सांगितलं नव्हतं.