बेन त्रेतला झाकलेला रांजण

आमच्या शहरातल्या चिकलठाणा विमानतळावरून विमान उठलं आणि मंगल, म्हणजे आमची ही, खिडकीला नाक लावून खाली बघू लागली. मला वाटलं, ढग बघतेय. तर म्हणाली, "अहो, गच्चीवरच्या टाकीचं झाकण लावलं का?" मी लावलं म्हणून सांगितलं. खरं तर आठवत नव्हतं, पण विमानात बसून दुसरं काय सांगणार?

जायचं होतं व्हिएतनामला. आमचा प्रशांत चार वर्षांपासून तिथं गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. आता त्याला आमच्या शहराजवळ, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळतेय, घरी परत यायचंय, पण एकट्यानं नाही. त्याच कारखान्यात तपासणी विभागात लान नावाची तिथलीच मुलगी आहे. तिच्याशी लग्न करून दोघं आमच्याच घरात राहणार. "तुम्ही हो म्हणाल तरच पुढचं," असं त्यानं फोनवर सांगितलं होतं.

आता आमच्याकडं मुलीचं घर बघितल्याशिवाय कुणी हो म्हणत नाही. म्हणून निघालो घर बघायला, समुद्र ओलांडून! आणखी एक रीत आमच्या घराण्यात आहे. सोयरीक ठरेपर्यंत मुलीच्या घरी मुक्काम करायचा नाही. चहा घ्या, जेवा, पण पाठ टेकायची नाही. मुक्काम केला म्हणजे होकार दिला असं समजतात. तेव्हा हॉटेल शोधणं आलं.

हॉटेल शोधण्यात माझे गुरू सलीमभाई. कंपनीत आम्ही शेजारशेजारच्या लेथवर तीस वर्षं काढली. हजला जाऊन आल्यापासून परदेशाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. माझ्या फोनवरचे चकाचक फोटो बघून म्हणाले, "काळेसाब, हॉटलवाले के फोटो मत देखो. जो ठैर के गया और गुस्से में फोटो डाल्या, वो देखो. पैले बाथरूम, बाद में पलंग."

मंगलला पलंगाचंही पडलं नव्हतं आणि बाथरूमचंही. ती फोनमधला नकाशा बोटांनी मोठा करून बघत बसायची. "निसती नदीच नदी हाय की ओ तिथं. जिकडं बघावं तिकडं निळं. अशा मुलखातली पोरगी आपल्या नळावर कशी नांदायची? लई पाणी सांडंल. चार दिवसांत रडकुंडीला येईल, आन मग आपला पोरगा तिच्यामागं परत जाईल." आमच्या कॉलनीत नळ आठव्या दिवशी येतो. मंगलनं त्या नळावर सगळा संसार केलाय. तिची भीती मला हसण्यावारी नेता आली नाही.

हो ची मिन्ह शहरात उतरलो तर मार्चचं ऊन आपल्यासारखंच, पण आपलं ऊन कोरडं. तिथं बाहेर पाऊल टाकलं की कुणीतरी ओला टॉवेल अंगाभोवती गुंडाळल्यासारखं वाटतं. रस्ता ओलांडायचा म्हणजे दुचाक्यांच्या लोंढ्यात डोळे मिटून शिरायचं. "थांबायचं नाही आणि पळायचं नाही, एका चालीनं चाला," असं प्रशांतनं शिकवलं. मी शिकलो. मंगल मात्र माझा शर्ट धरून, देवाचं नाव घेत चालायची.

पहिल्या हॉटेलात मी फसलो. खोलीला खिडकी आहे असं लिहिलं होतं आणि ती होतीही. पडदा सरकवला तर पलीकडं व्हरांडा, आणि व्हरांड्यात एक बाई झाडू घेऊन उभी. तिनं हात जोडले, मीही जोडले. तिथल्या जुन्या अरुंद इमारतींत अशा आतल्या खिडक्या असतात म्हणे. तेव्हा माझा सल्ला ऐका, खिडकी आहे का एवढंच विचारू नका, ती कुठं उघडते ते विचारा.

खरी फजिती दुसऱ्या दिवशी झाली. मी दाढी करायला गेलो तर न्हाणीतला टब काठोकाठ भरलेला. चहाची किटली भरलेली, चारही ग्लास भरलेले, कचऱ्याचा डबासुद्धा धुऊन भरलेला! "अगं, हे काय?" म्हटलं तर म्हणाली, "सकाळी नळाला जोर होता. उद्या नाय आला मग?" दुपारी फिरून आलो तर झाडूवाल्या बाईनं सगळं ओतून टाकलेलं. मंगल कळवळली. "भरल्याला टब सोडून दिला बघा हिनं! हात कसा धजला?" पुन्हा भरला. पुढच्या दिवशी पुन्हा रिकामा. त्यानंतर हॉटेलनं पाना घेऊन एक माणूसच पाठवला. आमच्या नळात काहीतरी बिघाड आहे, म्हणून आम्ही साठा करतोय, असं त्यांना वाटलं. त्यानं नळ दहा वेळा उघडून दाखवला. दर वेळी धो धो पाणी. मंगल पदर तोंडाला लावून बघत राहिली. मला हसू आलं, आणि मग वाईटही वाटलं. बायकोचं अख्खं आयुष्य त्या धारेकडं बघत उभं होतं.

तिथून बेन त्रेला जायला बसनं दोनेक तास लागतात. लानचं गाव त्या बाजूला. वाटेत नारळच नारळ, आणि घराघराच्या दारात कालवा. मंगल जितकं पाणी बघे तितकी गप्प होत गेली. नदीकाठचं दुसरं हॉटेल मी सलीमभाईंच्या पद्धतीनं निवडलं होतं, आणि ते उत्तम निघालं. खिडकी थेट नदीवर उघडत होती. मी खुशीत होतो. पण प्रशांतचा चेहरा उतरलेला.

"बाबा, लानच्या आईनं आठ दिवसांपासून खोली आवरून ठेवलीय. नवीन गादी, नवीन मच्छरदाणी. तुम्ही हॉटेलात उतरलात म्हटल्यावर विचारत होती, आमचं घर स्वच्छ नाही असं त्यांना वाटतं का?"

"अरे, आपली रीत सांग की तिला."

"सांगितली. ती म्हणाली, म्हणजे अजून त्यांचं ठरलेलं नाही."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. खोटं नव्हतं ते. पण पोरानं असं तोंडावर बोलावं? मी म्हणालो, "नाहीच ठरलेलं. त्यासाठीच आलोय ना?" तो गाडी आणायला गेला.

लानचं घर नारळाच्या बागेत, कौलारू, बुटकं. लान दारात उभी होती. गोल चेहऱ्याची, धीट मुलगी. "या, आई. बसा, बाबा," असं पाठ केलेलं मराठी तिनं घडाघडा म्हटलं आणि स्वतःच लाजली. तिची आई मंगलच्याच वयाची, उन्हानं रापलेली. तिनं हसून स्वागत केलं, पण ते हसू डोळ्यांपर्यंत काही पोचलं नाही. त्या दिवशी पौर्णिमा होती. तिथं बरेच लोक अमावास्या-पौर्णिमेला 'चाय' (शाकाहारी) जेवतात. मंगल मांसमच्छी खात नाही म्हणून त्यांनी मुद्दाम तोच दिवस धरला होता. भात, कोवळ्या फणसाची भाजी, नारळाच्या पाण्यात शिजवलेले सोयाबीनचे तुकडे. जेवण झकास होतं, पण पंगतीला आवाज नव्हता. मी "काम अन (आभारी आहे)" हा एकच शब्द पाच वेळा वापरला.

जेवणानंतर मंगल हात धुवायला मागच्या अंगणात गेली ती येईचना. बघायला गेलो. भिंतीलगत माणसाच्या छातीएवढे सात रांजण ओळीनं मांडलेले. तिथं त्यांना 'लू' म्हणतात. प्रत्येकावर लाकडी झाकण. लान एका घमेल्यात पालेभाजी धूत होती. धुऊन झाल्यावर ते पाणी तिनं टाकलं नाही. उचलून नेलं आणि मिरचीच्या रोपांच्या बुडाशी बेताबेतानं ओतलं. मंगल डोळ्यांची पापणी न हलवता बघत होती.

"प्रशांत," तिनं हाक मारली, "दारात एवढा कालवा असताना ह्यांनी पाणी कशापायी भरून ठिवलंय?"

प्रशांतनं विचारलं. लानच्या आईनं कालव्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि मंगलला तसंच करायची खूण केली. मंगलनं केलं.

"अगं बाई! खारट!"

उन्हाळ्यात नदीचं पाणी घटलं की समुद्र आत चढतो, प्रशांत सांगू लागला. मग कालवा, विहीर, सगळं खारं. पावसाळ्यात कौलांवरून पडलेलं पाणी रांजणात धरायचं आणि पुढच्या पावसापर्यंत पुरवायचं. मंगलनं एकेक झाकण उचलून बघितलं. पहिला तळाला गेलेला, दुसरा रिकामा, तिसरा रिकामा, चौथा अर्धा, पाचवा, सहावा कोरडाठाक. सातव्याला मात्र तोंडावर कापड बांधून वर झाकण ठेवलेलं, आणि झाकणावर वीट. तिनं हात पुढं केला तशी लान गडबडीनं काहीतरी बोलली.

"काय म्हणतीय?"

प्रशांतनं सांगितलं, "तो तुमच्यासाठी होता, आई. तुम्ही मुक्कामाला आलात तर आंघोळीला गोडं पाणी हवं, म्हणून ह्या काकूंनी इथला पाऊस संपता संपता, दिवाळीच्या सुमारासच भरून बांधून ठेवलाय. घरात कुणाला हात लावू दिला नाही."

मी तिथंच खाली बघत उभा राहिलो. आम्ही तिकडं टबच्या टब भरत होतो आणि इथं ही बाई स्वतः खाऱ्या पाण्यानं अंग धूत आमचा रांजण सांभाळत होती. आणि मी नदीवर उघडणारी खिडकी शोधत बसलो होतो!

मंगलनं कापडाची गाठ सोडली नाही. तिच्यावरून नुसता हात फिरवला. मग लानच्या आईचा हात धरून माझ्याकडं वळली. डोळे भरलेले, आवाज मात्र खणखणीत.

"अहो, उभं काय ऱ्हायलात? जा, हॉटेलातनं सामान घेऊन या."

प्रशांतला आमची रीत ठाऊक. तो मटकन रांजणाच्या कट्ट्यावरच बसला. लानला त्यानं काय सांगितलं कोण जाणे, ती तोंडावर दोन्ही हात घेऊन आत पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या पाण्यानं आंघोळ केली. तीन तांबे. चौथा घ्यायला मन झालं नाही.

परत आलो तेव्हा गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडंच होतं. बोलणी खाल्ली. सलीमभाईंनी विचारलं, कौनसा हॉटल अच्छा था? मी नदीवरच्या खिडकीचं सांगितलं, पण तिथं झोपलो नाही हेही सांगितलं.  प्रवासाला निघताना मला वाटलं होतं, आपण एक घर तपासायला चाललोय. आता वाटतं, तपासणी आमचीच झाली, आणि आम्ही जेमतेम पास झालो.

लग्न दिवाळीनंतर आहे. लानची आई येणार आहे, आमच्याकडंच उतरणार आहे. परवा नळ आला. मंगलनं नवा ड्रम घासून भरला, तोंडाला धुतलेलं कापड बांधलं, झाकण ठेवलं आणि वर वीट ठेवली. मी हात धुवायला तांब्या घेऊन जवळ गेलो तर ओरडली, "त्याला हात लावायचा नाय. तो इहीणबाईंचा हाय."

"अगं, त्यांना यायला अजून सात महिने आहेत!"

"व्हय," ती म्हणाली, "तिनं किती महिने ठिवला हुता?"