खडकावरचा राजा आणि रव्याचा डबा

नोव्हेंबरमधला दुसरा रविवार, दुपार. अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या डीमन गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये हजर: मी, लेक आणि पुण्याहून राहायला आलेल्या सासूबाई. नवरा ऑफिसच्या कामाने बाहेरगावी.

सोमवारी लेकीला वर्गासमोर दहा मिनिटं बोलायचं होतं, प्राचीन इजिप्तच्या एका राजाबद्दल. नावाजलेले राजे बाकीच्यांनी आधीच घेतले होते. हिने निवडलेल्या राजाचं नाव फक्त नुबियातल्या खडकांवर कोरलेलं सापडतं. थडगं नाही, पुतळा नाही. खरा राजा होता की नुसता म्हणवून घेत होता, यावरही एकमत नाही. मी मुद्दे पाडून दिले, तरी भाषण तीन मिनिटांत संपत होतं. वर्ग हसेल म्हणून ती रडकुंडीला आली होती.

सासूबाई शिऱ्यासाठी रवा भाजत होत्या. "तुझा राजा म्हणजे आमच्या सोसायटीच्या पाटीवरचा माणूस," त्या म्हणाल्या. "नाव आहे, पाहिला कुणीच नाही."

लेक हसली नाही. ओट्यावरचा रव्याचा स्टीलचा डबा तिने फिरवून पाहिला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव शनिवारच्या मराठी वर्गाच्या जोरावर वाचलं आणि विचारलं, "अँड हू इज शी?"

मलाही माहीत नव्हतं. संसारात हा डबा आला तेव्हाच मी ठरवलं होतं, हा कुणा शेजारणीचा राहून गेलेला. माझ्या कामांच्या यादीत 'डबा परत करणे' तेव्हापासून आहे. देश बदलला, ती ओळ टिकली. मी तसं सांगितलं.

"कुणाला परत करतेस? माझाच आहे," सासूबाई म्हणाल्या. "आईने लग्नाआधी भांड्यांवर नाव घालून घेतलं. लग्नात तुझ्या सासऱ्यांनी नाव बदललं. बाकीची भांडी मोडीत गेली. आता ते नाव एवढ्या डब्यावरच."

लेक स्टूल ओढून बसली. हे नाव कुणी ठेवलं, बदलताना विचारलं होतं का, असं बरंच विचारलं तिने. सासूबाई उत्तरं देत राहिल्या. रवा मी भाजला.

सोमवारी तिने डबा शाळेत नेला. आधी वर्गाला विचारलं, यावरून या बाईबद्दल काय कळतं? मग सांगितलं, ही आमच्या घरी आहे, हिला विचारता येतं. राजाला नाही. दहा मिनिटं उलटून गेल्यावर शेवटी शिक्षिकेनेच तिला थांबवलं.

डबा घरी आला आहे, पुन्हा रवा भरला आहे. 'डबा परत करणे' खोडून मी 'डबा' एवढंच ठेवलं आणि पुढे मालकिणीचं नाव लिहायला घेतलं. कोणतं लिहू, हे त्यांना विचारायचं राहिलं आहे.