दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

इथले काही जण मला 'ऐकावेत असे अल्बम' या धाग्यावरचा भांडकुदळ माणूस म्हणून ओळखतात. जॅझ, सांबा, जुने इंग्रजी गळे... यावर कोणी चुकीचं लिहिलं की मी तिथे हजर! आज पहिल्यांदाच या अनुभवांच्या धाग्यावर लिहितोय आणि खरं सांगायचं तर लाज वाटतेय. कारण इथल्या चकव्याच्या अन् पांढऱ्या साडीच्या गोष्टींना सगळ्यात जास्त हसलेला माणूस मीच असेन. माझा धंदा मोटार वाइंडिंगचा. तार जळते ती कारणानं जळते, हे पंचवीस वर्षं रोज बघतोय. भुतानं जळलेली कॉइल माझ्या दुकानात अजून आलेली नाही.

तर... मी गोंदियाचा. घर रेल्वे लाइनीच्या पलीकडे, मागच्या अंगाला दहा बाय बाराची एक खोली. तिथे माझा टर्नटेबल, दोन स्पीकर आणि बेचाळीस रेकॉर्ड. या आल्या रेल्वेतून रिटायर झालेल्या एका ख्रिश्चन साहेबांकडून. त्यांचा अॅम्प्लिफायर मी दुरुस्त करायचो. ते मुलाकडे राहायला गेले तेव्हा पेटी माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू ऐकशील." एवढं एकच वाक्य. मला ते एखाद्या पदवीसारखं वाटलं होतं.

आणि मी ऐकलंही. पियानो, बेस आणि ड्रम अशा तिघांचा एक अल्बम आहे, त्यात पियानोवाला वाजवताना स्वतःशीच गुणगुणतो. ते मी पाचव्या खेपेला पकडलं. जुनी इंग्रजी गाणी गाणारा एक जाड गळ्याचा बुवा आहे, तो प्रत्येक ओळीच्या शेवटी जरा उशिरा पोचतो, अन् मुद्दाम. नव्यानं ऐकायला लागलेल्यांना मी हेच सांगतो — चाल सोडा, माणूस श्वास कुठे घेतो ते ऐका. पंपाची मोटार लांबून ऐकून बेअरिंग गेलं की वाइंडिंग ते मी सांगतो. कानांचा गर्व होता मला, लपवत नाही.

सगळ्यात लाडका अल्बम मात्र सांब्याचा. पिवळं कव्हर, त्यावर उंबरठ्यावर बसलेली एक बाई, चेहरा अर्धाच दिसतो. नाव मुद्दाम देत नाही, कारण अल्बमचा काही दोष नाही. बाई पोर्तुगीजमध्ये गाते, म्हणजे गात नाहीच, शेजारी बसून बोलल्यासारखी... मागे एक गिटार आणि ड्रमवर काठीऐवजी नुसता तारांचा ब्रश. अकरा वर्षं मी दुपारी जेवायला घरी आलो की ही रेकॉर्ड लावायचो. डोळे मिटून.

माझी बायको शकुन, माहेर केशोरीचं. तिला या संगीताचं काडीचं प्रेम नाही. तिच्या मते यात "कोनी नीट गातच नाही, सारे झोपेतून उठल्यासारखे बोलते." पण गेल्या वर्षी धाकटी मुलगी पुण्याला गेली, घर रिकामं झालं, आणि शकुन दुपारी माझ्या खोलीच्या दारात लसूण सोलत बसायला लागली.

एका दुपारी ती पिवळी रेकॉर्ड चालू होती, दुसरी बाजू. शकुन एकदम म्हणाली, "हे बाई नाव घेते तवा कशी लाडात येते जी!"

मी डोळे उघडले. "कोनतं नाव?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग लसणाकडे. कानापर्यंत लाल झाली. "जाऊ द्या."

"अवं पन नाव घेतच नाही ते. मी काय आज आयकून राहिलो का?"

"घेते ना. आत्ताच घेतलं."

"कोनाचं?"

"मी नाही सांगत."

मी गाणं पुन्हा लावलं. तिसरं गाणं. मधे गिटार एकटी वाजते, मग गिटारही थांबते, दोन मात्रा नुसता ब्रश घासल्याचा आवाज... आणि शकुननं मान हलवली. "घेतलं."

मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

आता मी कसा माणूस आहे ते तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तिला माझ्याकडे पाठ करून बसवलं आणि सांगितलं, नाव आलं की हात वर कर. मी घड्याळ धरलं. दोन मिनिटं अकरा सेकंदांवर हात वर. पुन्हा लावलं — दोन अकरा. सुई मधेच टेकवून पाहिली, तिला न सांगता आधीची गाणी लावून फसवून पाहिलं. हात नेमका त्याच जागी वर. मग तोच अल्बम मोबाइलवर काढला. "याच्यात नाही घेत," म्हणाली. आपलीच रेकॉर्ड मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून ऐकवली. "याच्यात बी नाही." म्हणजे ती तबकडी, माझी सुई आणि शकुन. याशिवाय नाही.

इथल्याच एका जाणकारांना पोर्तुगीज येतं, त्यांनी गाण्याचे शब्द लिहून पाठवले. त्या जागी शब्दच नाही. गाणारी थांबलेली आहे.

भीती वाटली का, असं विचाराल. नाही. मला राग आला. राग म्हणजे काय, जळफळाट! अकरा वर्षं कान मी घासले, सुया मी बदलल्या, धूळ मी पुसली... आणि त्या बाईनं आपलं गुपित सांगितलं ते लसूण सोलणाऱ्या माझ्या बायकोला? आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण मी मनातल्या मनातच म्हटली. मोठ्यानं म्हणायची हिंमत नव्हती.

रोज विचारायचो. "सांग ना, कोनतं नाव?" आणि ती रोज तशीच लाजायची. "काऊन मांगं लागून राहिले जी? तुमालेच मालूम."

तुमालेच मालूम! हे वाक्य माझ्या डोक्यात किड्यासारखं शिरलं. मला माहीत असलेलं आणि तिला सांगताना लाज वाटणारं नाव कोणतं असेल? मग आठवलं... लग्न नवीन असताना माझा साळा, शकुनचा भाऊ, एकदा थट्टेत बोलून गेला होता. त्यांच्या शेजारी सुधाकर म्हणून एक होता, झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचा, आणि शकुननं त्याचं एकही नाटक सोडलं नव्हतं. झालं. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, इथे ते कानीही येत होतं! पन्नाशी ओलांडलेला मी माणूस, दुकानात मोटार उघडून बसायचो आणि त्या ऑर्गनवाल्याचा विचार करायचो. दोनदा उलटी वाइंडिंग केली. आधी मी बायकोवर जळत होतो, आता बायकोसाठी जळायला लागलो. फरक एवढाच की हे दुसरं जळणं झोपू देत नव्हतं.

शेवटी एक दिवस बोललोच. "सुधाकरचं नाव घेते का ते?"

शकुन तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. "कोनता सुधाकर?" असं विचारता विचारताच तिला उमगलं. "अक्कल चराले गेली काय तुमची?" एवढंच म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. दारात बसणंही बंद झालं. मी मात्र मनाशी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं.

त्याच सुमारास रायपूरचे वर्माजी सपत्नीक नागझिऱ्याचं जंगल बघायला चालले होते. याच संस्थळावरची ओळख. चहाला घरी थांबले, रेकॉर्ड चाळता चाळता पिवळ्या कव्हरवर त्यांचा हात थांबला. "भैया, ये तो मिलती ही नहीं कहीं!"

"ले जाइए," मी म्हटलं.

त्यांना वाटलं थट्टा करतोय. मी कागदात बांधून दिली. त्या गाण्याबद्दल, नावाबद्दल एक अक्षर बोललो नाही.

संध्याकाळी शकुननं रिकामी जागा पाहिली. "देली काय?"

"देली."

"बरं झालं. पीडा गेली."

पीडा! म्हणजे माझा संशय खराच, असं मी धरून चाललो. तीन महिने आम्ही एका घरात दोन भाडेकरूंसारखे राहिलो. पुण्याहून मुलीचा फोन आला की दोघंही तिच्याशी हसून बोलायचो, पण आळीपाळीनं.

मग केशोरीला साळ्याच्या मुलीचं लग्न आलं. हळदीच्या दिवशी दुपारी बायकांनी नवरीच्या आत्याला, म्हणजे शकुनला, घेरलं. नाव घेतल्याशिवाय उठू देत नव्हत्या. तुम्हाला ठाऊकच असेल, आमच्याकडच्या शकुनच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. "आयकलं का", "अजी", "पोरीचे बाबा"... सव्वीस वर्षांत मी तिच्या तोंडून माझं नाव ऐकलं ते उखाण्यातच, आणि तेही दोन-तीनदा. मी मांडवात खुर्च्या लावत होतो. शकुननं पदर सारखा केला आणि म्हटलं,

"काळ्या तबकडीवर फिरे सुई, परक्या देशची बाई गाते,
माझ्या आधी तीच मेली मनोहररावांचं नाव घेते!"

बायका खो खो हसल्या. कोणाला काही कळलं नव्हतं, 'मेली'लाच हसल्या असतील.

मनोहर म्हणजे मी.

परत येताना इटियाडोहाच्या कालव्याजवळ मी गाडी थांबवली. "ते माझं नाव घेत होती?"

"मंग कोनाचं?"

"मले सांगितलं काऊन नाही?"

"तुमचं नाव मी कशी घेऊ?" ती खरंच चिडली. "अन् तुमाले आयकू येत नाही, हे मले काय मालूम? डोळे मिटून आयकत राहात होते. मले वाटलं, आयकून राहिले अन् वरून मलेच विचारून राहिले, कोनतं नाव, कोनतं नाव. माझी मजा घेऊन राहिले." मग खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "सव्वीस वर्सं झाले. मी एकदा तसं म्हटलं नाही तुमाले. अन् ते बाई रोज माझ्या डोळ्यासमोर... लाडात... जळत होता माझा जीव."

सुधाकरचं नाव काढल्याबद्दल माफी मागितली. गाडी सुरू केली. पण तुमच्याशी खोटं बोलत नाही, माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती. त्या बाईनं मला हाक मारली होती. मला! आणि मी तिला कागदात बांधून रायपूरला पाठवलं होतं.

घरी पोचताच वर्माजींना फोन लावला. मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले, "अरे भैया, अच्छा हुआ आपने फोन किया. एक अजीब बात है. हमारी मिसेज कहती है, वो गानेवाली बीच में 'राजेश' बोलती है. मेरा नाम! मुझे तो कुछ सुनाई नहीं देता."

"कौन सा गाना?"

"दूसरी साइड, तीसरा."

मी त्यांना घड्याळ धरायला सांगितलं. अर्ध्या तासानं मेसेज आला. दोन मिनिटं, अकरा सेकंद.

मी रेकॉर्ड परत मागितली. हो, मागितली, लाज सोडून. ते हसले. "अब तो मैं भी नहीं दूँगा, भैया." शकुन शेजारीच उभी होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती पोट धरून हसली. "बघा! ज्याच्या घरी जाईल त्याचं नाव घेईल, तशीच बाई हाय ते!"

याचा अर्थ काय, मला माहीत नाही. तबकडीत दोष असता तर मला ऐकू आला असता. शकुनच्या मनाचा खेळ म्हणावा, तर रायपूरच्या बाईला कोणी सांगितलं? तार जळते ती कारणानं, हे मी अजूनही मानतो. याचं कारण मला सापडलेलं नाही. त्या वर्माजींचा अजूनही मत्सर वाटतो, इतका की त्यांच्या अल्बमच्या याद्यांना मी आता लाइकही देत नाही.

गेल्या रविवारी दुपारी मी खोलीत हेडफोन लावून बसलो होतो. तेच गाणं, मोबाइलवरचं. त्यात काही नाही हे माहीत असून दोन अकराच्या जागी आवाज पूर्ण वाढवून ऐकत होतो. डोळे उघडले तर दारात शकुन उभी. माझ्याकडे बघत तिनं काहीतरी म्हटलं. ओठ तीनदा हलले आणि ती लाल झाली.

मी हेडफोन ओढून काढला. "काय म्हटलं?"

"काही नाही. जेवाले चला."

"नाव घेतलं का माझं? शकुन, नाव घेतलं का?"

"घेतलं."

"पुन्हा घे ना एकदा."

"एकदाच घ्याचं होतं," ती म्हणाली, आणि ताटं वाढायला निघून गेली.