अर्धा सूर खाली

कीबोर्ड निवडताना शुभाताई आधी त्याचा आवाज ऐकतच नाहीत. डोळे मिटून त्याच्यावरून नुसता डावा हात फिरवतात. आमच्या जुन्या गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात वीस वर्षं त्या वाजवताहेत आणि मी गातोय. परवा दुकानदार कौतुकानं त्यांना बासरी, व्हायोलिन, अगदी पावसाचा आवाजसुद्धा ऐकवत होता. त्यांनी एकच विचारलं, "पट्टी बदलायचं बटण कुठंय?"

"आत मेनूत आहे, ताई. तीनदा दाबलं की येतं."

"तोवर गाणारा बुडाला की हो!" म्हणत त्या पुढच्याकडे वळल्या.

कोपऱ्यातल्या एका साध्या कीबोर्डवर ते बटण आपसूक हाताखाली आलं. "गा," त्या मला म्हणाल्या. भर दुकानात! गेले काही महिने माझा वरचा सूर फाटतोय. यंदा थांबावं, असं मनात घोळत होतं. तरी मुखडा गायलो. मधलं म्युझिक वाजवता वाजवता त्यांनी पट्टी अर्धा सूर खाली उतरवली. ते फक्त मला कळलं. अंतऱ्यातला तो वरचा सूर असा लागला, की रस्त्यावरची दोन माणसं आत डोकावली.

आपण कुठं दमतो हे आपल्याआधी ज्याला कळतं, आणि जो ते बोलत नाही, असा माणूस शेजारी असला की थांबायचं कशाला?

"साहेब, काय आवाज लागलाय!" दुकानदार म्हणाला.

"लागणारच," बटणावरचं बोट न हलवता शुभाताई म्हणाल्या. "हाच बांधून द्या."