गाडी रावेतला, ठिपका तळवड्याला

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. अंगारे-धुपारे आमच्या घरातून वडिलांनी, म्हणजे अण्णांनीच, केव्हाच हद्दपार केलेत. त्यात मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला... गेजने मोजता येईल तेवढंच खरं मानायचं, याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे हसायचं असेल तर खुशाल हसा.

गेल्या वर्षी हौसेने इंटरनेटवाली गाडी घेतली. चाकणच्या ट्रॅफिकपायी कामावर मात्र कंपनीच्या बसनेच जातो. मग गाडीचा उपयोग काय? तर कॅन्टीनमध्ये बसून मोबाइलवरून तिचे दिवे लावायचे, कुलपं उघडायची, पोरांना दाखवायचं. या खेळात मी बॅटरीच उतरवली. सर्व्हिस सेंटरवाला ती काढून चार्जिंगला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये जेवताना मोबाइल वाजला — ‘तुमची गाडी ठरवलेल्या हद्दीबाहेर गेली आहे.’ नकाशावर गाडीचा ठिपका आमचं रावेत सोडून सरकत होता. हातातला घास तसाच... सुजाताला, म्हणजे बायकोला, फोन लावून ओरडलोच, गाडी चोरीला गेली म्हणून. ती घरूनच काम करते. शांतपणे म्हणाली, “अहो, बॅटरी नसलेली गाडी चोर ढकलत नेतील का?”

शेजारी बसलेला जाधव हे ऐकून ठसका लागेपर्यंत हसला.

तरी माझ्या समाधानासाठी ती पार्किंगमध्ये जायला उठली, तर फ्लॅटचं दार उघडंच. अण्णांच्या चपला जागेवर नाहीत. अण्णा घरात नाहीत. खाली गाडी मात्र धूळ खात उभी.

अण्णांना वर्षभरापासून विसर पडतोय. फ्लॅटचा नंबर सांगता येत नाही. खिशात ना पैसे, ना फोन. रस्ता ओलांडला की पुढे हायवे... मला काही सुचेना. सुजाता वॉचमनला घेऊन सोसायटीभर शोधत होती. मी नुसता मोबाइलकडे बघत होतो. ठिपका तळवड्यात एका गल्लीत थांबला. गल्ली ओळखीची होती. अण्णांनी जिथे लेथवर उभं आयुष्य काढलं, त्या बंद पडलेल्या कारखान्याची.

“राव, बघताय काय, बसा मागं,” जाधवने बाइक काढली.

अण्णा गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर रिकामा डबा. घामाचा थेंब नाही. टपरीवाल्याने गाडी, रिक्षा काहीच पाहिलं नव्हतं. मान वर केली तर बाबा बसलेले, म्हणाला.

अण्णांनी मला बघितलं आणि विचारलं, “गाडी कुठं लावलीस?”

“कुठली गाडी, अण्णा?”

“आत्ता सोडून गेलास की. रस्ताभर एक शब्द बोलला नाहीस आज. लई बरं वाटलं.”

जाधवने तोंड फिरवलं. मलाही हसू आलं. मग मोबाइल पाहिला — ठिपका परत रावेतला, आमच्या बिल्डिंगवर.

सर्व्हिस सेंटरवाल्याने सगळं तपासलं. बॅटरी त्याच्याकडेच होती. आत एक छोटी बॅकअप बॅटरी असते, म्हणाला, पण गाडी हललीच नाही तर ती कळवणार काय? त्या दिवशीच्या मेसेजची नोंदच नाही. मी क्वालिटीवाला, आणि स्क्रीनशॉट काढायचा विसरलो! साक्षीला एकटा जाधव, आणि तो आता हा विषय काढला की उठून जातो.

अशा गाडीचा काही फायदा होतो का, असं हल्ली कुणी विचारलं की मी विषय बदलतो. त्या ठिपक्याने अण्णांना शोधून दिलं, की त्यानेच नेलं होतं? सुजाता म्हणते, ते ॲप काढून टाका. माझं बोट पुढे होत नाही. काढलं, आणि अण्णा परत गेले तर? तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर सांगा.

परवा सुट्टी होती. दुपारी बघतो तर अण्णा आवरून, डबा घेऊन दाराशी बसलेले. कुठे निघालात विचारलं, तर कामावर. म्हटलं, चला, मी सोडतो.

त्यांनी मान हलवली. “तू नको. तू लई बोलतोस. तो येतोय.”