अण्णांची वाहतूक व्यवस्था

सलग सुट्ट्या लागल्या की अख्खं पुणे दांडेलीला निघतं आणि वाटेत पेढे घ्यायला आमच्या धारवाडात घुसतं. मग सुभाष रोडची जी गत होते, ती सांगून पटायची नाही. एका पाहुण्यानं गाडीत बसल्या बसल्या दाढी केली, ती रोड संपेपर्यंत पुन्हा वाढली. शेजारच्या अक्कांनी कोपऱ्यावरून दूध आणलं, घरी येईतो त्याचं दही लागलं होतं, तेही घट्ट.

माझ्या थोरल्या भावानं, अण्णांनी, यावर उपाय काढला. गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचं. एमएच नंबरची गाडी थांबून पेढ्याचं दुकान विचारू लागली की प्रेमानं सांगायचं, "ते हलवलं की हो हळियाळ रोडला. सरळ जावा, जंगल लागलं तरी थांबू नका."

गेल्या दिवाळीत अण्णांच्या मुलीला बघायला कोल्हापूरची मंडळी येणार होती. स्थळ असं, की वहिनी महिनाभर घरात कुणाला मोठ्यानं शिंकू देत नव्हत्या. बोलणी सगळी मध्यस्थामार्फत. त्या सकाळीही अण्णा सवयीनं खुर्चीवर, मी शेजारी. पांढरी गाडी थांबली. पुढच्या सीटवरच्या मिशाळ गृहस्थांनी विचारलं, "रिकाम्या हातानं जायला बरं दिसत नाही, पेढे कुठं मिळतील?" अण्णांनी हात जोडून त्यांना जंगलाच्या वाटेला लावलं.

दुपारी पोह्यांचे दगड झाले, तेव्हा मध्यस्थाचा फोन आला. "मंडळी हळियाळच्या पुढं आहेत. कुणा खुर्चीवरच्या थेरड्यानं चकवलं म्हणतात."

"एन माडली ईग, आता काय करू," अण्णा पुटपुटले. घाबरले की आधी कन्नड येतं त्यांना.

"दार तुम्हीच उघडा," वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळी अण्णांनी दार उघडलं. मिशाळ गृहस्थ बघतच राहिले.

"खुर्चीवर तुम्हीच न्हवं?"

"मीच."

गृहस्थ आत येऊन बसले. "आमचं घर देवळामागं. अंबाबाईला केए नंबरच्या गाड्या आल्या, की मी त्यांना पन्हाळ्यावर धाडतो. पार्किंग तिथंच आहे म्हणून."

"आणि जातात?" अण्णा जवळ सरकले.

मुलगा-मुलगी काय बोलली ते कुणी ऐकलंच नाही. लग्न मात्र ठरलं. अडलंय फक्त कार्यालयावर. वऱ्हाडाच्या गाड्या दुसऱ्याच्या गावात जाव्यात, असा दोन्ही व्याह्यांचा आग्रह आहे.