सावंतांकडे गेलेला गायक

लालबागच्या आमच्या चाळीत खासगी असं काही नसतं, हे मला पाच स्पीकर विकत घेतल्यावर कळलं.

कॉलेजात असताना एका इंग्रजी रॉक अल्बमची कॅसेट मी झिजवली होती. तोच अल्बम आता चारी बाजूंनी ऐकायचा होता. समोरून गायक, बाजूंनी गिटार आणि ड्रम, पाठीमागून कोरस, आणि मधोमध मी! बाबांची अट एकच होती. "मला फरक कळला तर ठेव. नायतर उद्या परत."

मी पट्टीने मोजून स्पीकर लावले आणि खाली वडे आणायला गेलो. (बाबांचे कान पोटातून उघडतात.) आल्या आल्या, इकडेतिकडे न बघता, बाबांना मधल्या खुर्चीत बसवलं आणि बटण दाबलं. ड्रम वाजले. बराच वेळ नुसते ड्रम आणि गिटारच वाजत राहिले.

"गाणारा कधी येणार?" बाबांनी विचारलं.

"येईल."

"रजेवर असेल," म्हणत त्यांनी दुसरा वडा उचलला.

तेवढ्यात समोरच्या सावंतकाकू दारात आल्या. "अरे, आमच्या खिडकीत एक माणूस कधीपासून एकटोच बोंबलता हा. वाजवणारे खंय गेले?"

त्यांच्यामागून शेजारच्या परबांची सून आली. "काका, तुमच्याकडे कोण आजारी आहे का? आमच्या दाराशी मघापासून कोणतरी कण्हतंय."

मी आईकडे पाहिलं. आई शांतपणे कांदा चिरत होती. "तू वडे आणायला गेलास तेव्हा मधला स्पीकर काकूंच्या खिडकीत ठेवला, पाठचे दोन परबांच्या दारात. घरात नवीन वस्तू आली, ती एकट्याने ऐकायची? बरं दिसतं का ते?" (आमच्याकडे मोदकाची पहिली ताटलीही बाहेरच जाते. आणि लांबलचक वायरी आणण्याची हुशारी माझीच होती.)

मला रडू यायचं बाकी होतं. बाबा मात्र उठले, सावंतांकडे गायक ऐकून आले, परबांकडे कण्हणं ऐकून आले. दोन्हीकडे चहा झाला.

"फरक आहे," ते म्हणाले. "ठेव. पण काही हलवू नको. लोकांना आवडलंय."

मी पुन्हा पट्टी काढली. सगळे आवाज एकत्र येतात अशी जागा चाळीत एकच निघाली. गॅलरीच्या टोकाला, संडासाच्या रांगेत. आता दर रविवारी सकाळी आई अल्बम लावते. मी बादली घेऊन तिथे डोळे मिटून उभा राहतो आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला "तुम्ही व्हा पुढे" म्हणतो. अल्बम अप्रतिम ऐकू येतो. फक्त सावंतकाकू हल्ली दर रविवारी न चुकता माझ्यासाठी ओव्याचं पाणी पाठवतात, आणि मी ते निमूटपणे पितो.